अ‍ॅप सरकवून टाकले म्हणजे ते बंद झाले का?

हातात स्मार्टफोन असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला एक सवय लागलेली दिसते. काम झाले की अलीकडे वापरलेल्या अ‍ॅप्सच्या चौकटी उघडायच्या आणि एकेक वर सरकवून टाकायची, नाहीतर ‘क्लिअर ऑल’ दाबून सगळ्या एकदम साफ करायच्या. घरातला केर काढावा तसे हे काम लोक दिवसातून अनेकदा करतात. का करता, असे विचारले की तीन उत्तरे मिळतात. बॅटरी वाचते, फोन हँग होत नाही आणि अ‍ॅपला आपली माहिती घेता येत नाही. वस्तीपातळीवर काम करताना आम्ही ही तिन्ही उत्तरे इतक्या वेळा ऐकली आहेत, की ती नीट तपासून पाहणे आम्हाला गरजेचे वाटले.

गरज अशासाठी, की फोन आता केवळ करमणुकीचे साधन राहिलेला नाही. मधुमेहाच्या गोळीची आठवण, डिलिव्हरी करणाऱ्या मुलाची पुढची ऑर्डर, रात्रपाळीहून घरी परतणाऱ्या मुलीचे लोकेशन, शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाल्याचा संदेश, हे सगळे त्या चौकटींच्या मागे चालू असते. चौकट सरकवली की यातले काय थांबते आणि काय थांबत नाही, हे फोन आपल्याला सांगत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी फसगत होते. जे चालू राहायला हवे ते बंद पडते, आणि जे बंद झाले असे वाटते ते चालूच राहते. या दोन्ही फसगती समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

चौकट दिसते म्हणजे अ‍ॅप चालू असते असे नाही

पहिला गैरसमज त्या पडद्याबद्दलच आहे. तो चालू असलेल्या अ‍ॅप्सचा पट नसून आपण काय काय उघडले होते याची नोंद आहे. अनेक अँड्रॉइड फोनवर फोन बंद करून पुन्हा सुरू केला तरी जुन्या चौकटी तशाच दिसतात. प्रत्यक्षात त्या वेळी त्यातली बहुतेक अ‍ॅप्स चालू नसतात. चौकटीत दिसते ते त्या अ‍ॅपचे शेवटचे चित्र असते, एवढेच.

मग अ‍ॅप सोडून आपण दुसरीकडे गेलो की त्याचे काय होते? वस्तीतल्या अभ्यासिकेचे उदाहरण घेऊ. खोलीत वीस जागा आहेत. एक विद्यार्थी वही-पुस्तके टेबलावर तशीच ठेवून जेवायला गेला. त्याची जागा अडली, पण तो नसताना दिवा-पंख्याचे बिल काही वाढत नाही. परत आला की जिथे थांबला होता तिथून तो पुढे वाचू लागतो. मधल्या काळात नवे विद्यार्थी आले आणि जागा कमी पडली, तर अभ्यासिका सांभाळणारा माणूस सर्वात जास्त वेळ बाहेर असलेल्याची पुस्तके उचलून कपाटात ठेवतो आणि ती जागा दुसऱ्याला देतो.

फोनमधली रॅम म्हणजे या जागा. आपण अ‍ॅप सोडतो तेव्हा ते थोड्या वेळाने निवांत अवस्थेत जाते. रॅममध्ये त्याची जागा राहते, पण प्रोसेसर त्याच्यासाठी जवळजवळ काहीच काम करत नाही, म्हणून बॅटरीही खर्च होत नाही. रॅम कमी पडली की अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपची गरज पाहून क्रम लावते. सर्वात वर समोर दिसणारे अ‍ॅप, त्याखाली गाणी वाजवणे किंवा रस्ता दाखवणे असे काम करत असलेली अ‍ॅप्स, आणि सर्वात खाली निवांत पडलेली अ‍ॅप्स. खालून वर एकेक काढत फोन स्वतःच जागा मोकळी करतो. दोन-तीन जीबी रॅमच्या स्वस्त फोनवर हे सतत घडत असते. त्यासाठी आपल्या बोटाची गरज नसते.

उलट आपण प्रत्येक वेळी अ‍ॅप सरकवून टाकतो, तेव्हा त्या विद्यार्थ्याची पुस्तके आपणच कपाटात नेऊन ठेवतो. दहा मिनिटांनी तो परत येतो आणि पुन्हा सगळे काढून मांडतो. अ‍ॅप शून्यापासून उघडायला वेळही लागतो आणि बॅटरीही. दिवसभरात वीस वेळा उघडायचे अ‍ॅप वीस वेळा काढून टाकणे म्हणजे फोनचे काम वाढवणे आहे.

याला दोन्ही बाजूंच्या कंपन्यांनी दुजोरा दिलेला आहे. २०१६ साली एका ग्राहकाने अ‍ॅपलच्या प्रमुखांना विचारले होते, की बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅप्स अशी बंद करावी लागतात का. सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिघी यांनी त्याला नकारार्थी उत्तर दिले. त्यानंतर लगेचच गूगलमध्ये अँड्रॉइडची जबाबदारी सांभाळणारे हिरोशी लॉकहायमर यांनीही तसेच मत दिले आणि अशाने बॅटरीवर थोडा उलटा परिणामही होऊ शकतो असे सुचवले. अ‍ॅप अडकले, स्क्रीन गोठली, आवाज थांबतच नाही, अशा वेळी ते सरकवून टाकणे योग्य आहे. रोजचे व्रत म्हणून ते करण्याचा उपयोग नाही.

अँड्रॉइडमध्ये सरकवल्यावर नेमके काय होते

अ‍ॅपचे जे काम पडद्यावर न दिसता चालते त्याला ‘सर्व्हिस’ म्हणतात. या सर्व्हिसचे मुख्यतः दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार उघडपणे चालणारा. अशा सर्व्हिसला वर नोटिफिकेशन दाखवावे लागते. गाणे वाजत आहे, फाइल उतरत आहे, प्रवासाचा मार्ग दाखवला जात आहे, लोकेशन शेअर होत आहे, असे आपल्याला तिथे दिसते. नियमानुसार अशी सर्व्हिस चालू असताना चौकट सरकवली तरी ती चालू राहू शकते. ती थांबवायची की चालू ठेवायची, हे अ‍ॅप बनवणाऱ्याने आधी ठरवलेले असते. म्हणूनच एखादे गाण्यांचे अ‍ॅप सरकवले की गाणे थांबते आणि दुसऱ्या अ‍ॅपचे वाजतच राहते.

दुसरा प्रकार गुपचूप चालणारा, नोटिफिकेशन न दाखवणारा. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात अशा सर्व्हिसवर फारसे बंधन नव्हते. अनेक अ‍ॅप्स दिवसभर मागे धावत राहत आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी संपे. चौकटी साफ करण्याची आपली सवय त्याच काळातली आहे आणि तेव्हा तिच्यात थोडेफार तथ्यही होते. पुढे नियम बदलत गेले. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये ‘डोझ’ आले. फोन बराच वेळ न हलता, चार्जिंगला न लावता पडून असला, की सगळ्या अ‍ॅप्सची मागची कामे एकत्र करून ठरावीक अंतरानेच करू द्यायची, अशी ही व्यवस्था. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये गुपचूप चालणाऱ्या सर्व्हिसना अ‍ॅप सोडल्यानंतर काही मिनिटांतच थांबवले जाऊ लागले. २०१८ च्या अँड्रॉइड ९ ने अ‍ॅप्सची वर्गवारी सुरू केली. रोज वापरता त्या अ‍ॅपला मागे काम करण्याची जास्त मुभा, महिनोन्‌महिने उघडत नाही त्याला अगदी कमी.

म्हणजे ज्या त्रासावर उपाय म्हणून आपण सरकवत होतो, तो त्रास बराचसा फोननेच आवरता घेतला. सवय मात्र राहिली.

अ‍ॅप बंद, तरी मेसेज कसा येतो?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. चौकट सरकवून टाकली तरी मेसेज येतो, मग अ‍ॅप लपून चालू असणार, असा संशय लोक घेतात. उत्तर साधे आहे. अँड्रॉइड फोनवर प्रत्येक अ‍ॅपने स्वतः जागे राहून सर्व्हरकडे पाहत बसावे लागत नाही. फोनमधली गूगलची एक सामाईक व्यवस्था सर्वांच्या वतीने जागी असते. मेसेज आला की ती त्या अ‍ॅपला उठवते. गावात एकच पोस्टमन सगळ्यांची पत्रे आणतो, प्रत्येकाला तालुक्याच्या पोस्टात जाऊन बसावे लागत नाही, तसेच हे आहे.

अलार्म आणि आठवणींचेही असेच. सकाळी सातला गोळीची आठवण दे, असे आपण अ‍ॅपला सांगतो तेव्हा ते अ‍ॅप ही वेळ सिस्टिमकडे नोंदवून ठेवते. मूळ अँड्रॉइडमध्ये चौकट सरकवल्याने ती नोंद पुसली जात नाही.

‘फोर्स स्टॉप’ ही मात्र वेगळी गोष्ट आहे. सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या नावावर गेले की हे बटण दिसते. ते दाबले की अ‍ॅपला कुलूप लागते. त्याचे अलार्म रद्द होतात, ठरलेली मागची कामे थांबतात, पोस्टमनही त्या दारात पत्र टाकत नाही. आपण स्वतः अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत हीच स्थिती राहते. सरकवणे म्हणजे दार लोटून घेणे आणि फोर्स स्टॉप म्हणजे कुलूप लावणे, असा हा फरक आहे.

स्वस्त फोनचे वेगळे नियम

इथवर सांगितले ते गूगलने ठरवलेल्या मूळ अँड्रॉइडबद्दल. आपल्या हातातले बहुतेक फोन तसे नसतात. फोन बनवणारी प्रत्येक कंपनी त्यात स्वतःची भर घालते, आणि बॅटरी जास्त टिकते हे जाहिरातीत सांगता यावे म्हणून अनेक कंपन्या मूळ नियमांच्या पुढे जातात. काही फोनवर चौकट सरकवली की फोर्स स्टॉपसारखाच परिणाम होतो. दार लोटतो आहोत असे आपल्याला वाटते आणि लागते कुलूप. काही फोनवर तर सरकवायचीही गरज नसते. रात्री स्क्रीन बंद असताना फोन स्वतःच अ‍ॅप्स छाटून टाकतो, आणि पहाटेची आठवण वाजतच नाही.

जगभरातले अ‍ॅप बनवणारे यावर वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. ‘डोन्ट किल माय अ‍ॅप’ नावाचे एक संकेतस्थळच त्यासाठी चालवले जाते. कोणत्या कंपनीच्या फोनवर अ‍ॅप्स किती कठोरपणे मारली जातात आणि त्यावर कोणत्या सेटिंगने उपाय होतो, हे तिथे कंपनीनिहाय दिलेले आहे.

यात एक असमानता दडलेली आहे आणि ती आमच्या मते महत्त्वाची आहे. ज्यांची अ‍ॅप्स कोट्यवधी लोक वापरतात, त्या बड्या अ‍ॅप्सना काही फोन-कंपन्या आधीच सूट देऊन ठेवतात. कारण ती बंद पडली तर ग्राहक फोनलाच दोष देईल. छोट्या संस्थेने केलेले औषधांच्या आठवणीचे अ‍ॅप, एखाद्या तरुणाने तयार केलेले रक्तदात्यांच्या निरोपाचे अ‍ॅप, यांना अशी सूट मिळत नाही. त्यांच्यासाठी वापरणाऱ्याला स्वतः सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते. ज्याला इंग्रजी सेटिंग वाचता येते तो ती देतो. ज्याला येत नाही त्याच्या फोनवर अ‍ॅप मुकाट बंद पडते, आणि तो म्हणतो, ‘हे अ‍ॅप काही कामाचे नाही.’

आयफोनची पद्धत

आयफोनमध्ये सुरुवातीपासून नियम कडक आहेत. अ‍ॅप सोडले की थोड्याच वेळात ते गोठवले जाते. गाणी, कॉल, मार्गदर्शन अशा ठरावीक कामांनाच मागे चालण्याची परवानगी मिळते. अधूनमधून ताजी माहिती आणून ठेवण्याची सोय २०१३ च्या आयओएस ७ पासून आहे, पण ती कधी द्यायची हे फोन ठरवतो.

आयफोनवर चौकट वर सरकवणे याचा अर्थ ‘हे अ‍ॅप मला चालू नको आहे’ असा स्पष्ट निरोप म्हणून घेतला जातो. त्यानंतर अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत फोन त्याला माहिती ताजी करण्यासाठी उठवत नाही. डोळ्यांना दिसणारे साधे नोटिफिकेशन येत राहते आणि आधी सिस्टिमकडे नोंदवलेली आठवणही वाजते. पण ज्या अ‍ॅपला स्वतः जागे राहून काम करावे लागते, उदाहरणार्थ सतत लोकेशन पाठवणे किंवा झोपेत आवाज मोजणे, त्याचे काम तिथेच तुटते. अ‍ॅप प्रतिसाद देत नसेल तरच ते असे बंद करा, असे अ‍ॅपल स्वतःच आपल्या मदतपानावर सांगते.

कोरोनाकाळाने दिलेला धडा

हा विषय किती मोठा आहे, हे सरकारांनाही २०२० साली कळले. कोरोनाबाधिताच्या जवळ कोण आले होते हे शोधण्यासाठी अनेक देशांनी अ‍ॅप्स काढली. फोन खिशात असताना ब्लूटूथने आजूबाजूच्या फोनची नोंद घ्यायची, अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे अ‍ॅपला दिवसभर मागे जागे राहणे भाग होते.

सिंगापूरने मार्च २०२० मध्ये ‘ट्रेसटुगेदर’ सुरू केले. आयफोनवर अडचण आली. अ‍ॅप मागे गेले की ब्लूटूथची नोंद नीट होईना. नागरिकांना अ‍ॅप समोर उघडे ठेवून फिरावे लागे. ब्रिटनने मे २०२० मध्ये आइल ऑफ वाइट या बेटावर आपल्या अ‍ॅपची चाचणी घेतली. तिथे जवळच्या अँड्रॉइड फोनपैकी सुमारे ७५ टक्के ओळखले गेले, आयफोनपैकी मात्र केवळ ४ टक्के. जून महिन्यात ब्रिटनने ते अ‍ॅप सोडून दिले आणि अ‍ॅपल व गूगलने मिळून दिलेल्या व्यवस्थेवर नवे अ‍ॅप बांधले. ते सप्टेंबरमध्ये आले. या व्यवस्थेत नोंद घेण्याचे काम फोनची सिस्टिम स्वतः करत होती, त्यामुळे अ‍ॅप गोठवले गेले तरी काम चालू राहत असे.

या घटनेकडे दोन बाजूंनी पाहता येते. अ‍ॅपलचा कडकपणा लोकांच्या खासगीपणासाठी होता. कोणतेही अ‍ॅप दिवसभर ब्लूटूथवरून आजूबाजूला कोण आहे हे टिपू लागले तर ती पाळत ठरेल, आणि सरकारचे अ‍ॅप असले म्हणून हा धोका कमी होत नाही. दुसरीकडे, एका सार्वभौम देशाच्या आरोग्यखात्याला साथीच्या काळात दोन खासगी कंपन्यांनी ठरवलेल्या चौकटीत बसावे लागले. फोनमध्ये मागे काय चालावे, याचा निर्णय ज्याच्या हाती आहे त्याच्या हाती बरीच सत्ता आहे.

आपल्याकडे २ एप्रिल २०२० रोजी ‘आरोग्य सेतू’ आले. ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही सतत चालू ठेवा, अशी त्याची मागणी होती. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नव्हता त्यांच्यासाठी १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉलची सोय नंतर करावी लागली. सिंगापूरनेही ज्येष्ठांपासून सुरुवात करून लोकांना हातात बाळगण्याची छोटी यंत्रे वाटली. सार्वजनिक सेवा केवळ अ‍ॅपच्या भरवशावर टाकली की कोण बाहेर राहते, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

सरकवल्याने पाळत थांबत नाही

आता दुसऱ्या फसगतीकडे वळू. अ‍ॅप सरकवले म्हणजे त्याने माहिती घेणे थांबवले, ही समजूत आम्हाला सर्वात धोक्याची वाटते.

अ‍ॅपला माहिती मिळते ती आपण दिलेल्या परवानग्यांमुळे. संपर्कयादी, लोकेशन, मायक्रोफोन, फोटो यांची परवानगी दिलेली असेल तर चौकट सरकवल्याने ती काढून घेतली जात नाही. लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी असेल, तर अ‍ॅप नंतरही ठरावीक कामासाठी उठून लोकेशन घेऊ शकते. कर्ज देणाऱ्या फसव्या अ‍ॅप्सनी संपर्कयादी उचलून नातेवाइकांना धमक्या दिल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. त्यानंतर २०२३ मध्ये गूगलने आपल्या प्ले स्टोअरवरील वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅप्सना संपर्क आणि फोटो पाहण्याची मनाई केली. स्टोअरच्या बाहेरून, लिंकवरून उतरवलेल्या अ‍ॅपला हा नियम लागू होत नाही. एकदा गेलेली यादी अ‍ॅप सरकवून, किंवा काढून टाकूनही, परत मिळत नाही.

कौटुंबिक हिंसाचारात हा प्रश्न आणखी गंभीर होतो. पतीने किंवा घरातल्या कोणी पाळत ठेवणारे अ‍ॅप फोनमध्ये घातले असेल, तर ते बहुधा चौकटींच्या यादीत दिसतच नाही. स्त्री सगळे साफ करून निश्चिंत होते आणि तिचे लोकेशन जात राहते. अशी शंका असेल तर घाईने अ‍ॅप काढून टाकणे धोक्याचे ठरू शकते, कारण समोरच्याला ते लगेच कळते. आधी दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून मदत मागावी. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६ पासून ‘सेफ्टी चेक’ ही सोय आहे. आपली माहिती कोणाकोणाला दिसते ते तिथे एकत्र पाहता येते. मात्र त्यात बदल करण्याआधीही वरची खबरदारी घ्यायला हवी.

मग करायचे काय?

आमच्या सत्रांमध्ये आम्ही पुढील गोष्टी सांगतो. एकदा अर्धा तास काढून घरातल्या प्रत्येक फोनवर त्या करून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, ज्यांच्यावाचून चालणार नाही अशी तीन-चार अ‍ॅप्स ठरवा. औषधांची आठवण, कामाचे अ‍ॅप, घरच्यांशी लोकेशन वाटून घेण्याचे अ‍ॅप. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवर जाऊन ‘बॅटरी’ उघडा आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘निर्बंध नाहीत’ असा पर्याय निवडा. काही फोनवर ‘ऑटोस्टार्ट’ नावाची वेगळी परवानगी असते, तीही चालू करा. अनेक फोनवर चौकटीवर कुलपाचे चिन्ह लावता येते. ते लावले की ‘क्लिअर ऑल’ दाबले तरी ते अ‍ॅप सुटते. बाकी सगळ्या अ‍ॅप्सना मात्र अशी मोकळीक देऊ नका.

दुसरी, जिवाशी संबंधित आठवणीसाठी केवळ बाहेरच्या अ‍ॅपवर विसंबू नका. फोनसोबत आलेल्या घड्याळाच्या अ‍ॅपमध्येही गोळीच्या वेळेचा अलार्म लावून ठेवा. फोनची कंपनी सहसा स्वतःच्या घड्याळाला मारत नाही.

तिसरी, लोकेशन वाटून घेत असाल तर प्रवास संपेपर्यंत ते अ‍ॅप सरकवू नका. वर त्याचे नोटिफिकेशन दिसते आहे ना, हे निघतानाच पाहा. घरच्यांनीही लोकेशन थांबलेले दिसले की लगेच घाबरून न जाता आधी फोन करावा. आणि संकटासाठी केवळ अ‍ॅपवर राहू नका. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटकालीन बटणाची सोय असावी असा नियम आहे. स्मार्टफोनवर साधारणपणे पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबून, आणि साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरून ११२ ला कॉल जातो. काही स्मार्टफोनवर ते पाचदा दाबावे लागते. आपल्या फोनवर कसे आहे ते सेटिंगमधल्या ‘इमर्जन्सी’ किंवा ‘एसओएस’ भागात आजच पाहून घ्या. ही सोय फोनचीच असल्याने चौकट सरकवल्याने ती बंद पडत नाही.

चौथी, जे अ‍ॅप खरोखर नको आहे ते सरकवू नका, त्याच्या परवानग्या काढा, आणि गरज नसेल तर अ‍ॅपच काढून टाका. लोकेशन ‘अ‍ॅप वापरताना’ एवढेच ठेवा. अँड्रॉइड १२ पासून सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’ आहे. गेल्या २४ तासांत कोणत्या अ‍ॅपने लोकेशन, कॅमेरा, माइक वापरला ते तिथे दिसते. अँड्रॉइड १३ पासून वरून पडदा ओढला की कोणती अ‍ॅप्स मागे चालू आहेत हे बहुतेक फोनवर पाहता येते आणि तिथूनच थांबवताही येते. मागे काय चालले आहे याची खरी यादी हीच.

पाचवी, बॅटरी लवकर संपत असेल तर सेटिंगमधला बॅटरीचा हिशोब पाहा. बहुतेक वेळा स्क्रीनचा उजेड, व्हिडिओ, लोकेशन आणि कमजोर नेटवर्क हे खर्चाचे खरे धनी निघतात. एखादे अ‍ॅप मागे राहून फार बॅटरी खात असेल तर तेही तिथे नावानिशी दिसते.

हे सगळे माहीत असणे ही काही इंजिनिअरांची मक्तेदारी नाही. पण आज परिस्थिती अशी आहे, की मागे काय चालावे याचा निर्णय अ‍ॅपवाला, फोन-कंपनी आणि ऑपरेटिंग सिस्टिमवाला हे तिघे घेतात, आणि ज्याने हप्त्याने फोन घेतला त्याला त्याच्याच भाषेत कोणी सांगत नाही. चौकट सरकवताना ‘या अ‍ॅपची आठवण आता वाजणार नाही’ एवढे एक वाक्य मराठीत दाखवणे कंपन्यांना अवघड नाही. शासकीय सेवा अ‍ॅपवर नेताना ते अ‍ॅप स्वस्त फोनवर मागे टिकते का, हे तपासणेही खात्यांना अवघड नाही. ही मागणी आपण ग्राहक म्हणून आणि नागरिक म्हणून करायला हवी.

ती मान्य होईपर्यंत, अभ्यासिकेत किंवा बचतगटाच्या बैठकीत ज्याला सेटिंग वाचता येते त्याने शेजारच्या आजींचा फोन हातात घ्यावा, औषधाच्या अ‍ॅपची परवानगी चालू करावी, घड्याळात अलार्म लावावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाजला का हे विचारावे.